बढतीची बोलणी

शिफ्ट इनचार्जची जागा ऋतिकालाच मिळायला हवी, हे महाडच्या एमआयडीसीतल्या त्या केमिकल कारखान्यात शिपायालासुद्धा ठाऊक होतं. लॅबचा गाडा ती एकटी ओढायची आणि इनचार्ज रजेवर गेले की त्यांचं कामही तिच्याच गळ्यात पडायचं. नाव आणि पगार मात्र त्यांचा.

या खेपेला ती जागा रिकामी होताच ती तयारीनिशी मॅनेजर राजेंद्रसाहेबांच्या कॅबिनमध्ये गेली. आवाज न चढवता, केलेलं एकेक काम मांडून तिनं जागा मागितली. साहेबांनी रात्रपाळीचं काढलं तेव्हा म्हणाली, "करीन. घरी सोडायला गाडी द्या आणि सोबतीला आणखी एक बाई द्या." साहेबांना नाही म्हणायला वाव उरला नाही. मग ते गोड हसून म्हणाले, "घरच्या मोठ्यांना एकदा घेऊन या. उद्या तक्रार नको."

इथंच बाई चुकली. संमती तिची एकटीची पुरेशी होती. पण आमच्या पोलादपूरकडं सोयरीक असो की बांधाचा तंटा, बोलणी करायला घरातला वडीलधारा पुढं बसतो. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. सासरे सहदेव घरी म्हणालेही होते, "कर गो, माझी ना नाय."

कॅबिनमध्ये खुर्ची सासऱ्यांना मिळाली, चहाही. ऋतिका दाराशी उभी. साहेबांनी गावची चौकशी केली, भाताची केली. म्हाताऱ्याची कळी खुलली. आणि बोलणी म्हटली की काही सोडायचं, काही पदरात पाडून घ्यायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं.

"साहेब, सुनेला रातची पाळी नको. हाय तिथंच ठेवा," ते म्हणाले. "पन आमचा प्रितम, हिचा नवरा, मुंबईची नोकरी सुटून घरात बसलाय. त्याला तेवढा आत घ्या."

"मामा, अहो..." ऋतिका म्हणाली.

"थांब गो, मोठी मानसं बोलतायत."

साहेबांनी लगेच हात पुढं केला. इतक्या स्वस्तात सुटका होईल असं त्यांनाही वाटलं नव्हतं.

बाहेर आल्यावर सासरे खुशीत होते. तुझ्या नवऱ्याला चिकटवला बघ, म्हणाले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तिनं त्यांना एसटीत बसवून दिलं.

पुढच्या वर्षी तीच जागा पुन्हा रिकामी झाली. या वेळी ती एकटीच गेली, सगळं पुन्हा मांडलं, घरचं कुणी येणार नाही हेही ठणकावून सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि फोन कानाला लावला.

"नमस्कार सहदेवबाबा," ते म्हणाले. "सूनबाई समोर बसल्यात. काय सांगू त्यांना?"