नववी पायरी

"धाप कधीपासून लागते?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"धाप अशी नाही हो," थोरली हसून म्हणाली. "वयाप्रमाणे असायचंच."

शेजारी बसलेल्या धाकट्या जावेच्या अंगाचा तिळपापड झाला. थोरले दीर कापडखरेदीला परगावी गेलेले, म्हणून शाळेच्या गणवेशांची शिलाई अर्धी टाकून तिला सोबत यावं लागलं होतं. आणि ही बया इथेही गोड गोड हसतेय.

तसं धाकटीच्या पोटात सहा वर्षं दुखत होतं. घराखालच्या शिलाईच्या दुकानात पूर्वी दोघी बरोबरीने मशीनवर बसायच्या. मग गार पाण्यात थोरलीची बोटं पांढरीफटक, मग निळी पडायला लागली. टोकांना जखमा झाल्या, कातडी ताठरली. स्क्लेरोडर्मा असं नाव निघालं आणि झालं, भांडी धाकटीकडे, मशीन धाकटीकडे, थोरली काउंटरवर. थोरल्या दिरांनी लोकरीचे हातमोजे आणले. सासूबाई पाणी कोमट करून हातात द्यायला लागल्या. त्यात कातडी ताणल्यामुळे चेहऱ्यावर सुरकुती म्हणून नाही. नवं गिऱ्हाईक हटकून विचारायचं, "धाकट्या जाऊबाई तुम्हीच ना?" ते धाकटीला फार लागायचं. तिच्या बोटात सुई घुसली तेव्हा तिच्या नवऱ्याने मानसुद्धा वर केली नव्हती.

"फुंकण्याच्या तपासणीत एक आकडा बराच उतरलाय," डॉक्टरीणबाई कागद चाळत म्हणाल्या. "स्कॅनमध्ये फुप्फुसं बरी दिसतात. म्हणून मला त्यांतल्या रक्तवाहिन्यांची शंका येते. हृदयाच्या इकोत त्यांचा दाब अगदी काठावर आहे. त्रास काहीच नसेल तर तीन महिन्यांनी पुन्हा बघू."

"नाहीच त्रास." थोरलीने पिशवी उचललीसुद्धा.

"साफ खोटं," धाकटी म्हणाली. म्हटलं, एकदा होऊनच जाऊ दे. "अठरा पायऱ्या आहेत आमच्या. तीन वर्षांपूर्वी ह्या दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चढायच्या. मग एक पिशवी. मागच्या थंडीत बाराव्या पायरीवर थांबून चप्पल नीट करायच्या, आता नवव्या पायरीवरच करतात. चपलेला काही झालेलं नसतं. चपलाही नव्या घेतल्या, एक नंबर मोठ्या, संध्याकाळी पाय सुजतात म्हणून. कापडाचा गठ्ठा आला की मी उचलेपर्यंत दारात उभ्या. आणि चक्कर आल्याचं ते नाटक."

"चक्कर कधी?" डॉक्टरीणबाई भराभर लिहीत होत्या.

"दीड महिना झाला. माझा वाढदिवस होता, आणि सगळं घर ह्यांच्याभोवती."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग आता थांबायचं नाही. शिरेतून बारीक नळी घालून दाब नक्की मोजू. वाढलेला निघाला तर गोळ्या आहेत. आजार जात नाही, पण आवरता येतो. अंगावर काढला तर मात्र हातातून जातो." मग थोरलीकडे वळून म्हणाल्या, "इतकी काळजी घेणारं माणूस घरात आहे. नशीबवान आहात."

काळजी कसली? धाकटी तर थोरलीच्या कुचराया टिपत होती.

बसने दोघी परतल्या. घरी जिना आला. धाकटीने आज मोजायचं नाही असं ठरवलं, तरी पाय मोजतच होते. नवव्या पायरीवर थोरली थांबली. चपलेकडे वाकली नाही, सरळ बसली. धाकटी एक पायरी खाली बसली.

"ह्यांनी हातमोजे आणले," थोरली दम खात म्हणाली, "पण मी कुठे थांबते ते कधी पाहिलं नाही. कामचुकार म्हणतील म्हणून मीही लपवलं."

"मीच म्हणत होते, वहिनी." धाकटीला मान वर करवेना. "मी काही काळजीने बघत नव्हते."

"ठाऊक आहे गं मला. डोळ्यांत खुपत होते मी तुझ्या. जळत का होईना, बघत होतीस."

दुकानातून धाकटीच्या नवऱ्याने हाक मारली, गणवेशवाले खोळंबलेत, किती वेळ.

"बसलोय आम्ही," धाकटी वरूनच म्हणाली. तिने थोरलीच्या हातातली पिशवी काढून आपल्या मांडीवर ठेवली आणि पुढच्या नऊ पायऱ्यांकडे बघत राहिली.