न जाणारी पट्टी

ग्रीसमधल्या थेसालोनिकीच्या संशोधक दानाईचं पत्र चार वर्षं माझ्या खणात होतं. ईमेलना मी उत्तर दिलं नाही म्हणून तिने कागदावर लिहिलं होतं: "सर, ज्या पेशींतून तुमचं जनुक काढून टाकलंय, त्यांतही तुमची काळी पट्टी दिसते. हे कसं?"

त्या जनुकाला धड नावही नव्हतं, नुसता क्रमांक. त्याच्यामुळे कर्करोगाच्या पेशी अधाशासारखी साखर खातात, असं आम्ही बल्गेरियातल्या प्लोवदिवच्या प्रयोगशाळेतून छापलं होतं. पुरावा एकच: जनुकाचं प्रथिन पकडणारं विकतचं प्रतिपिंड आणि त्यामुळे फिल्मवर उमटणारी पट्टी. आजूबाजूचे डाग छापण्याआधी कातरले होते. जनुकच नसेल तर पट्टी जायला हवी. पत्र आल्यावर मी गुपचूप तपासलं. पट्टी गेली नाही. प्रतिपिंड भलतंच काही पकडत होतं. माझाच हात चुकला असेल, असं म्हणून मी खण लावला. स्वतःवर संशय घेणं मला नेहमीच सोपं जातं.

मंगळवारी आमचे प्रमुख क्रस्तेव केक घेऊन आले. त्या जनुकाला रोखणाऱ्या औषधाची रुग्णांवरची चाचणी मंजूर झाली होती. ज्याच्या पेशींत पट्टी दिसेल त्याच रुग्णाला औषध मिळणार, बाकीच्यांना घरी पाठवणार. केकवर चॉकलेटची पट्टी काढली होती.

"कापा, आजोबा," आमची तंत्रज्ञ रुम्याना म्हणाली. "तुमचंच बाळ आहे."

"कडा कातरून टाका," क्रस्तेव म्हणाले, "छापताना टाकल्या तशा!"

सगळे हसले. मीही हसलो. ते चॉकलेट टाळूला तुपकट चिकटलं. मोरीपाशी जाऊन थुंकलो, तरी जाईना. माझ्याच तोंडाची मला किळस आली.

"जनुक नसलं तरी पट्टी येते," मी परत येऊन म्हणालो. "मी तपासलंय."

क्रस्तेवनी बोट चाटलं. "अहो, या जनुकावर जगात चार माणसं काम करतात. तिघं इथे केक खातायत."

"चौथी थेसालोनिकीत आहे."

"मग तिलाही धाडा एक तुकडा!"

दुपारी मी लिहिलं: 'दानाईबाई, तुमचं बरोबर आहे. मला चार वर्षं माहीत होतं. सोबत फिल्म आहे, न कातरलेली. माझ्या नावासकट छापा.' दुसरी प्रत चाचणी मंजूर करणाऱ्या समितीसाठी केली.

टपाल कचेरीतल्या बाईने दोन्ही पाकिटं तोलली, तिकिटं लावली आणि मागच्या पोत्यात टाकली.