हात लावू नका

जुना मोडेम जळाला आणि चार दिवस घरात नेट नव्हतं. पाचव्या दिवशी दुपारी नेटवाला नवा मोडेम घेऊन आला. मी त्याला म्हणालो, वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनेच ठेव. ते हिने, माझ्या बायकोने ठेवले होते. हिला जाऊन सहा महिने झाले.

“मग सोपंय, काका. घरातले फोन आपोआप जोडले जातील.”

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. वय चौऱ्याऐंशी, राहतात माझ्याकडेच. चार दिवसांत त्यांनी दहा वेळा विचारलं होतं, “जावईबापू, नेट कधी येणार?”

“आजी, कुणाचा मेसेज यायचाय एवढा?” नेटवाल्याने थट्टा केली. त्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

मोडेमचा हिरवा दिवा लागला. नेटवाल्याने मोबाइलवर यादी उघडली. “हा तुमचा फोन. हा टीव्ही. आणि हे काय, ‘हात लावू नका’?”

ते हिच्या फोनचं नाव. मी सारखा तिचा फोन उचलायचो, म्हणून तिनेच ठेवलेलं. तो फोन हॉस्पिटलात हरवला होता.

“सिग्नल फुल आहे. म्हणजे घरातच आहे कुठेतरी. अनोळखी असेल तर ब्लॉक करतो.”

“थांब.”

सकाळी भाजीला गेलो तेव्हा मागचं दार उघडंच राहिलं होतं. कुणी आत शिरलं असेल तर? सासूबाई खोलीत एकट्या. आणखीही एक विचार मनात आला, तो सांगत नाही. मी नेटवाल्याचा स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि खोलीच्या दाराला कान लावला.

आतून हिचा आवाज आला. “आई, गोळी घेतलीस का? विसरशील हं.”

दार ढकललं. सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या, फोन कानाला. मला बघताच त्यांनी तो उशीखाली सारला.

“हॉस्पिटलच्या पिशवीत होता,” त्या म्हणाल्या. “तुम्ही म्हणालात, तिचं सगळं सामान देऊन टाकायचं. म्हणून नाही सांगितलं. तिने मला पाठवलेले आवाजाचे मेसेज आहेत यात, नेट असलं तरच लागतात. चार दिवस काही लागेचना यावर. वाटलं, आता हेही गेलं.”

“काका, करू का ब्लॉक?” बाहेरून आवाज आला.

“नको. घरचंच माणूस आहे.”

मी पलंगावर टेकलो. भिंतीला लावलेला चार्जर माझा होता. तीन महिने शोधत होतो.

“परत लावा, आई,” मी म्हणालो.