वेंडेल आजोबांच्या बारा खेपा

मित्रांनो, त्या बुधवारची नुसती आठवण झाली तरी माझे सांधे आखडतात. टिसा नदीकाठच्या आमच्या गावात गरम पाण्याचं स्नानगृह आहे. त्याच्या दारातला तीन दांड्यांचा जुना फिरता अडसर म्हणजे मी. माणूस ढकलतो, मी कुरकुरतो, तो आत जातो. नव्वद वर्षांत चारदा रंग लागला. तेल मात्र कुणाला आठवलं तरच.

आमच्याकडे महिन्याचा पास काढणाऱ्यांची कार्डं तिकीटखिडकीत खिळ्यांवर टांगतात. येताना उतरवायचं, जाताना टांगायचं. ज्याच्या-त्याच्या ठरलेल्या दिवशी कार्ड हललं नाही, की खिडकीवरची ट्युंडे त्या घरी जाऊन दार वाजवते.

वेंडेल आजोबा एकटे राहायचे. सोमवारी आणि बुधवारी गुडघे शेकायला यायचे. माझ्या दांड्यावर हात टेकून आधी दम खायचे, मग ढकलायचे. मला ते फार आवडायचे. एकदा ट्युंडेने त्यांना थांबवलं.

"आजोबा, पासाचे सहा हजार फोरिंट, वर दर खेपेला दोनशे. नुसतं तिकीट सातशे. हे बघा." तिने कागदावर लिहिलं: ७०० क्ष = ६००० + २०० क्ष. "क्ष आला बारा. बारा खेपांना दोन्ही सारखंच. तुम्ही येता आठदा! महिन्याला दोन हजार पाण्यात घालताय."

"अगं, पाण्यातच तर येतो मी!" आजोबा हसले. पण हिशोब पटला. ते तिकीट काढू लागले आणि त्यांचं कार्ड खिळ्यावरून गेलं.

पुढच्याच महिन्यात एका सोमवारी ते आले नाहीत. बुधवारी दुपार झाली, तरी नाहीत. प्रत्येक धक्क्याला वाटे, हे तेच असतील. नसत. मला तोंड असतं तर बोंब ठोकली असती!

त्यांच्याशी पाण्यात बसून बुद्धिबळ खेळणाऱ्या अरांकाबाई खिडकीशी आल्या. "वेंडेल कुठे गं?"

"मला काय ठाऊक? तिकीटवाले आहेत ते आता, येतील मनात..." ट्युंडेचं बोलणं तुटलं. तिने रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. कोट न घालताच ती बर्फात पळाली.

किती वेळ गेला, देव जाणे.

आजोबा स्वयंपाकघरात पडलेले सापडले, सोमवारपासून. मांडीचं हाड मोडलं होतं, अंग गार पडलं होतं. पण श्वास चालू होता.

तीन महिन्यांनी ते काठी टेकत आले. "पास दे गं."

"आजोबा, आता तुम्ही चारदाच येणार. चार हजार जास्त पडतील."

"पडू देत. मी पडलो तर कळेल तरी."

ट्युंडेने कार्डावर नाव लिहिलं, तेव्हा तिचे डोळे भरले होते.

मित्रांनो, गणित तिचं बरोबरच होतं; उत्तर आजही बाराच येतं. पण तुमच्या शेजारी कुणी एकटं राहत असेल आणि दोन दिवस दिसलं नाही, तर जाऊन दार वाजवा. मी जागेवरून हलू शकत नाही, नुसता घाबरत बसतो. तुम्हाला पाय आहेत.