तीन की दोन

घाटकोपरला एका लग्नात मी व्हायोलिन वाजवत होतो. तिथे मेहुणा इसिडोर आला आणि माझी बायको कॉन्सेप्टा अचानक वारल्याचं त्याने सांगितलं. त्या सकाळी मरोळच्या घरातून मी भांडून निघालो होतो.

काही दिवसांपूर्वी आमच्या चर्चच्या हॉलमध्ये अर्जेंटिनातल्या लोकसंगीताचा आणि नाचांचा माहितीपट दाखवला होता. रुमाल हलवत नाचणाऱ्या जोडप्यांचं एक गाणं तिने एकदाच ऐकून उचललं. ती गुणगुणायची आणि मी नोटेशन लिहायचो. टाळी मात्र ती दोन मात्रांची द्यायची, आणि त्या सकाळी त्यावरूनच आमचं वाजलं.

"तीन मोज गं. गिटार तीनात आहे."

"मी ढोल ऐकला. तू बस गिटार ऐकत."

"ढोलवाला काय वेगळं वाजवेल?"

"वाजवेल ना. त्याला तुझ्यासारखा मास्तर नाही मिळाला."

मी वही मिटली आणि निघालो. गाणं अर्धंच लिहून झालं होतं.

तिच्या महिन्याच्या मिस्साच्या प्रार्थनेनंतर मी तो माहितीपट दाखवणाऱ्या फोर्टातल्या सिनेमावाल्याकडे गेलो. रिळं दुसऱ्या दिवशी बोटीने परत जाणार होती. मी त्याचे हात धरले, तेव्हा त्याने तो नाच एकदा लावला.

गिटार तीनात चालली होती आणि ढोलवाला दोनच ठोके देत होता. कॉन्सेप्टाचंच बरोबर होतं. मी ढोलवाल्याच्या हातांकडेच बघत राहिलो. दिवे लागले तेव्हा उरलेलं गाणं उतरवायला मांडीवर घेतलेला कागद कोराच होता. पुन्हा लावा म्हणून मी विनवलं, पण त्याने रीळ डब्यात भरलं.

आता बोट गेली. ती पुढे काय गुणगुणायची ते मला आठवत नाही. गाण्याचा दुसरा भाग लिहायचा राहिला आहे.