कुंतीचा उतरवलेला चेहरा

एकोणीसशे बासष्टच्या ऊसतोडणीत बेटावरच्या ग्रां बुआ गावच्या कुंतीचा चेहरा पांढराफटक पडला आणि पुन्हा कधी तिचा झाला नाही. पण तसं काही घडलंच नव्हतं. घरात सगळ्यांनी हेच ठरवलं होतं, तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

तर, जे घडलं नाही त्या दिवशी कुंती क्वात्र बॉर्न शहरात एका मागच्या खोलीत खुर्ची घट्ट धरून बसली होती. चेहरे उजळून देणारी मादाम कापसाचा बोळा बाटलीत बुडवत होती. धुतलेल्या दवाखान्याचा वास सुटला होता.

"हे फरशी पुसायचं औषध दिसतंय."

"गप बस, वहिनी," नणंद विमला म्हणाली. "इंद्राणीचं सासर शहरातलं. तुझे वांग बघून म्हणतील, नवरीची आई शेतातनं उठून आली."

"बे, मग शेतातनंच आलेय की."

बोळा टेकला. आधी आग, मग काहीच नाही. या काहीच नाहीची भीती जास्त होती. मादामनं चेहराभर चिकटपट्ट्या लावल्या. डोळे, नाकपुड्या, ओठ तेवढे मोकळे. परतीच्या बसमध्ये एका बाईनं तिला जागा दिली आणि स्वतः पार दाराशी जाऊन उभी राहिली.

घरी नवऱ्यानं, तुलसीरामनं, एकदा पट्ट्यांकडे बघितलं.

"जेवलीस?" म्हणाला.

दोन दिवसांनी मादामनं पट्ट्या ओढल्या. त्यांच्याबरोबर वांग आले, गाल आले, कपाळावर मुरलेला कुंकवाचा डागही आला. परातीत कुंती उताणी पडली होती.

"घरी न्यायचंय?" मादामनं अदबीनं विचारलं.

कुंतीला न्यायचं होतं. विमलानं डोळे वटारले.

"आता उन्हात जायचं नाही. कधीच."

"मी उसात राबते, मादाम."

मादामनं विचार केला. "मग टोपी घाला."

इंद्राणीच्या हळदीचा दिवस आला. नवरीचं आटोपलं की बायका नवरीच्या आईला माखतात. कच्च्या कातडीवर हळद लागणार म्हणून कुंतीनं पदर दातांत धरला होता. शेजारची जमुना भरल्या हातानं हसत धावत आली. समोर येऊन थबकली. त्या पांढऱ्या तोंडावर ओळखीचं काही सापडतंय का ते तिनं पाहिलं, आणि हात मांडवाच्या खांबाला पुसला.

"हळद संपली गं."

वाटी भरलेली होती.

लग्नानंतर कुंती पदरात तोंड लपवून, विळा घेऊन उसाच्या कडेला उभी राहिली. तोडणीच्या टोळीचा मुकादम, सरदार गोवर्धन, हजेरी घेत होता.

"सरदार, मळ्याच्या साहेबांना कळवा," ती म्हणाली. "हंगाम संपेपर्यंत ऊन बंद ठेवण्यात यावं, ही नम्र विनंती."