रिकाम्या खाटेचं शून्य

अनुदान देणाऱ्या संस्थेची माणसं आली तेव्हा ताई पुसलेली फरशी पुन्हा पुसत होती. एक परीक्षक बाई आणि एक टायवाले. विज्ञान-तंत्रज्ञानात उद्योग करणाऱ्या बायकांसाठीच हे अनुदान, तरी टायवाल्यांनी आल्या आल्या विचारलं, "यंत्राचं काम बघतं कोण?"

"तुमच्यासमोर फडकं घेऊन उभी आहे ती," मी म्हटलं. माझ्या जिभेला हाड नाही, म्हणून ताईने मला गप्प राहायला बजावलं होतं.

यंत्र म्हणजे गादीखाली घालायची पातळ चटई. झोपलेल्या माणसाचा श्वास ती पडद्यावर रेघेने दाखवते. डोकं ताईचं, तारा जोडणं माझं. अनुदान हुकलं तर ही एवढीशी खोलीही सोडावी लागणार होती. मग ताई पुन्हा मान खाली घालून जुन्या कंपनीत, जिथे तिच्या कामावर साहेबाचं नाव लागायचं. नुसत्या विचाराने माझं डोकं भणभणायचं.

पहिल्यापासून चाचणीसाठी खाटेवर झोपायची ती आई. "दिवसभर लोळायचं आणि वर तुमच्यावर उपकार! असली नोकरी आधी का नाही दिलीत गं?" म्हणायची. तिचा श्वास आम्हाला तोंडपाठ होता. दोन आखूड, मग अडखळून एक लांब. हिवाळ्यात ती गेली, तीही याच खाटेवर.

कुणाला झोपवण्याआधी रिकाम्या खाटेवर शून्य लावावं लागतं. पंख्याची थरथर, रस्त्यावरची वाहनं, जे काही त्या वेळी हलत असेल ते यंत्र टिपून घेतं आणि पुढे सारखं वजा करत राहतं. ताईने गादी झटकली, यंत्र सुरू केलं. शून्याचं बटण दाबायच्या आधीच रेघ वर उठली.

दोन आखूड. मग अडखळून एक लांब.

मी गादीवर हात ठेवला. तळव्याखाली काहीतरी हळूच फुगलं आणि बसलं.

"खाट रिकामी आहे ना?" टायवाले म्हणाले.

"रिकाम्या खाटेवर माणूस दाखवणारं यंत्र आम्ही मंजूर कसं करायचं?" परीक्षक बाईंनी विचारलं.

ताईचा चेहरा पांढराफटक पडला होता. "खालून गाडी गेली असेल. शून्य लावते."

मी तिचं मनगट धरलं. "ताई, नको. ती आहे."

"कोण आहे?" टायवाले म्हणाले.

ताई माझ्या कानाशी पुटपुटली, "हे मिळावं म्हणून सगळ्यांत जास्त जीव तिचाच तुटत होता ना?" आणि तिने बटण दाबलं.

रेघ सरळ झाली. परीक्षक बाई स्वतः आडव्या झाल्या. त्यांचा श्वास पडद्यावर स्वच्छ उमटला. उठताना म्हणाल्या, "गादी गरम ठेवायचीही सोय केलीत वाटतं. छान! आमच्याकडून होकार समजा."

त्यांना जिन्यापर्यंत सोडून ताई आली आणि हसता हसता रडायला लागली. मी खाटेजवळच होते. रेघ सरळ होती, पण हाताखालची गादी अजून फुगत होती. आई श्वास घेत होती आणि यंत्र तो वजा करत होतं.

"ताई, आहे अजून," मी म्हटलं.

ताईने डोळे पुसून गादीवर हात ठेवला. आम्ही दोघी वाट बघत राहिलो. गादी एकदा बसली, ती पुन्हा उठलीच नाही.

तेव्हा पडद्यावरची रेघ खाली जाऊ लागली. दोन उथळ खड्डे, मग अडखळून एक खोल. यंत्र आईचा श्वास वजा करतच होतं, पण वजा करायला खाटेवर आता काही उरलं नव्हतं.

"बंद कर ते," ताई भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

माझा हात बटणापर्यंत जाईना. खड्डे का होईनात, ते आईचे होते.